वारानं की फुटानं? बडोद्यात घराची मागणी ठरवताना

बडोद्यात घर विकायला काढलं की भावाच्या आधी माप विचारतात. मांजलपूर किंवा वाघोडिया रोडवरचं टेनामेंट, म्हणजे स्वतःच्या प्लॉटवरचं बैठं घर, असेल तर बोलणं वारावर चालतं. एक वार म्हणजे नऊ चौरस फूट. अलकापुरी-गोत्रीतला फ्लॅट असेल तर फुटावर, आणि तोही बहुतेक वेळा सुपर बिल्ट-अपच्या फुटावर. म्हणजे जिना, लिफ्ट, पॅसेज यांचा वाटा धरून. सरकारी जंत्रीत, म्हणजे दरपत्रकात, त्याच घराचा दर चौरस मीटरनं लिहिलेला असतो. आकडा तोंडातून बाहेर पडायच्या आधीच एका घराची तीन मापं होतात.

गोंधळ इथेच सुरू होतो. समजा, फ्लॅट सुपर बिल्ट-अप १,२०० फूट आहे आणि मालक ४,००० रुपये फूट सांगतो. मागणी ४८ लाख झाली. आतलं वापरायचं क्षेत्र, म्हणजे कार्पेट, ७५० फूट निघालं, तर तोच भाव ६,४०० रुपये फूट होतो. २०१६ च्या रेरा कायद्यानं नव्या प्रकल्पांना कार्पेटवर बोलायला लावलं. जुनं घर विकणाऱ्यावर तसं बंधन नाही, पण घेणारा आता कार्पेटवरच हिशेब करून येतो. मालकाच्या डोक्यात चार हजार आणि त्याच्या डोक्यात सहा हजार चारशे. दोघंही खरं बोलत असतात, तरी बोलणं जमत नाही.

मागणी चुकते ती बहुधा याच जातीच्या कारणानं. भाव मालकाच्या बाजूनं मोजलेला असतो आणि पैसे दुसऱ्या बाजूनं यायचे असतात. बडोद्यात मागणी ठरवायला लोक कोणकोणती मापं वापरतात आणि त्यातलं प्रत्येक माप नेमकं काय मोजतं, हे एकेक करून पाहिलं की आकडा कुठे बसवायचा ते बऱ्यापैकी उमगतं.

मालकाचा हिशेब

पहिलं माप गरजेचं. मुलगा पुण्यात स्थायिक झाला, तिथे फ्लॅटला ऐंशी लाख लागतात, म्हणून इथलं घर निदान सत्तरला गेलं पाहिजे. दुसरं माप खर्चाचं. मॉड्युलर किचनला चार लाख, फर्निचरला सहा, ते भरून निघालेच पाहिजेत. तिसरं माप आठवणीचं. ते कुणी बोलून दाखवत नाही, पण आकड्यात ते मुरलेलं असतं. घेणाऱ्याच्या लेखी तिन्ही शून्य. आपलं सहा लाखांचं फर्निचर तो पहिल्या दिवाळीच्या आत काढून टाकणार असतो.

यात कुणाचा लोभ शोधायला नको, मनाची ठेवणच अशी आहे. कानेमन, नेच आणि थेलर यांनी १९९० मध्ये कॉफीच्या मगांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. काही जणांच्या हातात मग दिले आणि विकायचे किती म्हणून विचारलं. बाकीच्यांना विचारलं, घ्याल कितीला? ज्यांच्या हातात मग होता त्यांनी घेणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त किंमत सांगितली. काही मिनिटांपूर्वी हातात आलेल्या मगाची ही कथा. तीस वर्षं राहिलेल्या घराचं काय होत असेल?

घराबाबतचा पुरावाही आहे. जेनेसोव्ह आणि मेयर या अर्थतज्ज्ञांनी १९९० च्या दशकातली अमेरिकेतल्या बॉस्टन शहरातली फ्लॅटविक्री तपासून २००१ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांना खरेदीच्या भावापेक्षा कमी मिळणार होतं, त्यांनी त्या तुटीच्या पंचवीस ते पस्तीस टक्के रक्कम मागणीत चढवली होती. त्यातलं थोडंसं त्यांच्या पदरात पडलं, पण घर खपायला वेळ जास्त लागला. आपण कितीला घेतलं हा बाजाराचा प्रश्नच नसतो. तरी तोच आकडा सगळ्यात घट्ट चिकटतो.

शेजारचा भाव

गरजेपेक्षा शेजारचा भाव बरा, पण तो चाळून घ्यावा लागतो. सोसायटीत ‘अमक्याचं साठला गेलं’ असं ऐकू येतं तेव्हा तीन गोष्टी विचाराव्यात. ती मागणी होती की सौदा झाला? कधी झाला? आणि त्या साठात काय काय होतं? बाकड्यावर बसून सांगितलेल्या आकड्यात फुशारकीही असते. नोंदणी कार्यालयातल्या इंडेक्स-२ मध्ये दस्तावेजाचा आकडा पाहता येतो, पण त्यालाही जुन्या सवयीचं ग्रहण आहे. चेकनं किती आणि रोखीनं किती हा प्रश्न अजून पुरता गेलेला नाही. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीनं घेण्यावर १ जून २०१५ पासून बंदी आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच होऊ शकतो. तेव्हा ‘वरचे वेगळे’ धरून मागणी ठरवणं हा कायद्याच्याही आणि हिशेबाच्याही अंगानं खोटा पाया. शिवाय कर्ज काढून घेणाऱ्याकडे वरचे वेगळे नसतातच.

शेजारचा भाव तोलताना बडोद्यात आणखी एक माप लागतं, विश्वामित्री नदीचं. २०१९ च्या जुलैअखेरीस एका दिवसाच्या पावसानं शहर पाण्यात गेलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये नदीनं २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांपलीकडे मजल मारली आणि समा, फतेगंज, अकोटा, वडसर या भागांत पाणी शिरलं. मगरी रस्त्यावर आल्याच्या बातम्या बाहेरगावी गमतीनं वाचल्या गेल्या. बडोद्यात घर पाहायला येणारा मात्र त्यानंतर ‘पाणी कुठवर आलं होतं?’ असं सरळ विचारतो. त्यामुळे एकाच सोसायटीत तळमजला आणि तिसरा मजला यांची तुलना करताना पूर्वीचं गणित चालत नाही. पाणी आलं नसेल तर ते सांगावं. आलं असेल तर तेही सांगावं आणि मागणीत धरावं, कारण ते शेजारी सांगणारच आहेत.

नव्या वस्तीशी तुलना हाही एक सापळा आहे. भायली, सेवासी, बिल ही गावं २०२० मध्ये महानगरपालिकेच्या हद्दीत आली आणि शहराचा ओढा पश्चिमेकडे आणखी वाढला. तिथल्या नव्या इमारतीचा फुटाचा भाव सुभानपुऱ्यातल्या वीस वर्षं जुन्या फ्लॅटला लावता येत नाही. नव्यात पार्किंग, लिफ्ट, क्लब हाऊस असतं. जुन्याच्या बाजूनंही मुद्दे आहेत. बांधकाम चालू असलेल्या घरावर साधारण पाच टक्के जीएसटी लागतो, जुन्या घरावर तो नाही. ताबा लगेच मिळतो. शाळा, बाजार, स्टेशन जवळ असतात. तुलना करायचीच तर ती अशी दोन्ही रकान्यांत करावी.

टेनामेंटचं आणखी निराळं असतं. जुन्या टेनामेंटमध्ये बांधकामाची किंमत घटत जाते आणि जमिनीची वाढते, म्हणून त्याचं गिऱ्हाईक बहुधा राहायला येणारं नसतं, पाडून नवं बांधणारं असतं. त्याला आपली नवी फरशी दिसत नाही. त्याला दिसतात प्लॉटचे वार, रस्त्याची रुंदी आणि कोपरा. जुन्या फ्लॅटमध्ये पुनर्विकासाची आशा भावात मिसळते. गुजरातमध्ये २०१८ च्या दुरुस्तीनं पंचवीस वर्षं जुन्या इमारतीसाठी पंचाहत्तर टक्के सभासदांची संमती पुरेशी झाली. पण आशा आणि ठराव यांत फरक आहे. सोसायटीचा ठराव कागदावर नसेल तर त्या आशेचे पैसे कुणी देत नाही.

जंत्री काय सांगते

महाराष्ट्रात ज्याला रेडी रेकनर म्हणतात त्याला गुजरातेत जंत्री म्हणतात. मराठीत जंत्री म्हणजे कंटाळवाणी लांबलचक यादी. इथली यादी मात्र कंटाळवाणी असली तरी महाग पडू शकते. ती बाजारभाव दाखवते असा समज आहे आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. गुजरातेत २०११ मध्ये लागू झालेले दर बारा वर्षं तसेच राहिले. मग ४ फेब्रुवारी २०२३ ला सरकारनं ते सरसकट दुप्पट केल्याचं जाहीर केलं आणि ओरड झाल्यावर अंमल १५ एप्रिलपर्यंत पुढे ढकलला. त्या एप्रिलमध्ये बडोद्यातली घरं काही दुप्पट महाग झाली नाहीत. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये नव्या जंत्रीचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध झाला. या साऱ्यातून एकच दिसतं: जंत्रीचा दर सरकारी निर्णयानं हलतो, बाजाराच्या चढउतारानं नाही.

तरी ती बाजूला ठेवता येत नाही, कारण ती तळ ठरवते. गुजरातेत मुद्रांक शुल्क ४.९ टक्के आणि नोंदणी फी १ टक्का आहे. खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर ही फी माफ असते. शुल्क दस्तातली किंमत आणि जंत्री यांतल्या मोठ्या आकड्यावर बसतं. आयकरातही, जंत्री विक्रीच्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त निघाली तर विकणाऱ्याचा नफा जंत्रीचा आकडा धरून मोजतात आणि घेणाऱ्याच्या नावावरही फरकाचं उत्पन्न चढतं. जंत्री ५० लाख असताना ४६ लाखांना विकलं तर चालून जातं. ४५ लाखांना विकलं तर दोघांनाही चटका बसतो. मागणी ठरवण्यापूर्वी आपल्या घराची जंत्री काढायची ती एवढ्यासाठी, की घासाघीस कुठे थांबवायची ते कळावं.

घेणाऱ्याचा खिसा

आता या लेखातला सगळ्यात कामाचा हिशेब. घेणारा नोकरदार असेल तर त्याच्या पैशांतला मोठा वाटा बँकेचा असतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ३० लाखांच्या वरच्या आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत देऊ शकते. किंमत कोणती? सौद्याची किंवा बँकेच्या मूल्यांककानं काढलेली, यांतली जी कमी असेल ती. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च त्यात धरत नाहीत, तो खिशातून.

समजा, मूल्यांककाच्या मते घर ५० लाखांचं आहे आणि मागणीही ५० लाख आहे. कर्ज ४० लाख मिळतं. खिशातून १० लाख आणि शुल्क-नोंदणीचे २ लाख ९५ हजार, मिळून सुमारे १३ लाख. आता मालकानं ‘पाच लाखांनी काय बिघडतं’ म्हणून ५५ ला सौदा ताणला. मूल्यांकक ५० वरच राहिला तर कर्ज तेच ४० लाख. खिशातून १५ लाख आणि शुल्क-नोंदणीचे सव्वातीन लाख, म्हणजे सव्वाअठरा लाख. मागणी दहा टक्क्यांनी वाढली आणि घेणाऱ्याच्या रोख भाराला एक्केचाळीस टक्क्यांची उडी बसली. ‘बघून कळवतो’ म्हणून गेलेला माणूस पुन्हा फोन का करत नाही, याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं. घर त्याला आवडलेलं असतं. खिशात तेरा असतात.

म्हणून मागणी सांगण्यापूर्वी एखाद्या नोंदणीकृत मूल्यांककाकडून घराचं मूल्य काढून घेणं हा खर्च वाया जात नाही. स्कॉटलंडमध्ये तर २००८ पासून विकणाऱ्यानंच तज्ज्ञाचं मूल्यांकन तयार ठेवायचा कायदा आहे. आपल्याकडे तसा कायदा नसला तरी कुणी अडवलेलंही नाही. सोबत कागद हवेत: बांधकामाची रजाचिठ्ठी (परवानगी), वापर परवानगी, प्रॉपर्टी कार्ड, वेरा (मालमत्ता कर) भरल्याची पावती. गच्चीवर चढवलेली खोली मंजूर नकाशात नसेल तर मूल्यांकक ती मोजत नाही. मालकाच्या हिशेबातली ‘एक खोली जास्त’ बँकेच्या हिशेबात गळून पडते.

दलालाचा सल्ला

दलालाला बाजार ठाऊक असतो यात शंका नाही, पण त्याचं गणित समजून घेतलेलं बरं. दलाली साधारण एक टक्का धरली, तर आपण दोन लाख जास्त मिळवले की त्याला दोन हजार जास्त मिळतात. तेवढ्यासाठी तो तीन महिने थांबेल का? लेव्हिट आणि सिव्हरसन यांनी शिकागो भागातल्या सुमारे एक लाख घरविक्रींचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. दलालांनी स्वतःची घरं विकताना ती साधारण साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवली आणि ३.७ टक्के जास्त मिळवले. गिऱ्हाइकाच्या घराला मात्र ‘घ्या मिटवून’.

उलट दिशेचा दलालही असतो. घर आपल्याच हाती यावं म्हणून तो पहिल्या भेटीत फुगवलेला आकडा सांगतो आणि दोन महिन्यांनी ‘बाजार थंड आहे’ म्हणतो. दोघांवरही उपाय एकच. आकडा विचारू नये, आकड्यामागचे तीन झालेले सौदे विचारावेत.

आणि मागणीचा आकडा जाणत्यालाही भुलवतो. नॉर्थक्राफ्ट आणि नील यांनी १९८७ मध्ये अमेरिकेतल्या टूसॉन गावी एकच घर विद्यार्थ्यांना आणि व्यावसायिक दलालांना दाखवलं. माहिती सगळ्यांना सारखी, फक्त मागणीचा आकडा वेगवेगळा दिला. दोघांचेही अंदाज मागणीकडे झुकले. आपण तो आकडा लक्षातच घेतला नाही, असं ठामपणे सांगणारे होते दलाल. म्हणजे जरा वरचा आकडा उपयोगी पडतो हे खरं आहे. पण तो प्रयोग घर पाहायला आलेल्यांवर झाला होता. आकडा ऐकूनच जे आले नाहीत, त्यांच्यावर तो झाला नव्हता.

दांडिया बाजारची बाजू

बडोद्यातल्या मराठी घरांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, नवापुरा इथल्या गायकवाडी काळातल्या वाड्यांची पुढची पिढी पुण्यामुंबईला किंवा परदेशी गेली. वाड्याला वारस पाच आणि मागण्याही पाच. ज्याला निकड आहे त्याचा आकडा खाली, ज्याला नाही त्याचा वर; आणि जो अमेरिकेत आहे त्याचा आकडा डॉलरमध्ये. आधी पेढीनामा (वंशावळ) आणि वारसनोंद, मग कुलमुखत्यारपत्र, आणि भाव शेवटी, हा क्रम पाळला नाही तर चांगलं गिऱ्हाईक कागदांवर अडतं. वारसांपैकी कुणी अनिवासी असेल तर घेणाऱ्याला त्याच्या वाट्यातून नेहमीच्या एक टक्क्याऐवजी बराच जास्त कर कापावा लागतो. कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आधीच काढून ठेवला तर हा काटा निघतो.

जुन्या शहराच्या बऱ्याच भागाला अशांत धाराही लागू आहे. १९९१ च्या या कायद्यानं जाहीर केलेल्या भागात कलेक्टरच्या पूर्वपरवानगीशिवाय विक्री होत नाही. त्यानं दोन गोष्टी पाहायच्या: विकणारा आपखुशीनं विकतो आहे का आणि किंमत वाजवी आहे का. कलेक्टरनं नेमकं एवढंच पाहायचं, असं गुजरात उच्च न्यायालयानं २०२० मध्ये बडोद्यातल्याच एका दुकानाच्या प्रकरणात सांगितलं. भाव वाजवी आहे हे सरकारी टेबलावर दाखवावं लागतं अशा फार थोड्या जागांपैकी ही एक. तेव्हा इथे पडत्या भावात विकणाऱ्यालाही हिशेब तयार ठेवावा लागतो, आणि परवानगीला लागणारा वेळ घेणाऱ्याला पहिल्याच भेटीत सांगावा लागतो.

वाडा विकताना कराचा हिशेब मागणीच्या आधी करावा. २००१ पूर्वीच्या घराला १ एप्रिल २००१ चं मूल्य खरेदीकिंमत म्हणून धरता येतं. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर महागाईची सूट न घेता साडेबारा टक्के कर आहे. त्यापूर्वी घेतलेल्या घराला निवासी व्यक्तीला सूट घेऊन वीस टक्क्यांचा जुना रस्ताही खुला ठेवला आहे. कोणता रस्ता स्वस्त पडतो ते सीएकडून आधी समजलं, तर हातात नेमके किती पडणार हे कळतं आणि घासाघिशीत हात उगाच आखडत नाही.

किती वर, किती दिवस

घासाघीस होणारच, म्हणून थोडी जागा ठेवावी हे बरोबरच. किती, याला सूत्र नाही, पण दोन कसोट्या आहेत. पहिली: मागणी आणि आपला मनातला शेवटचा आकडा, दोन्हींवर वरचा खिशाचा हिशेब मांडावा. मागणीवर घेणारा पळतो आणि शेवटच्या आकड्यावर बसतो असं दिसलं, तर मागणी फार वर आहे. दुसरी: मोबाइलवर घर शोधणारा ‘पन्नास लाखांपर्यंत’ अशी चाळणी लावतो. एक्कावन्न लाखांचा शुभ आकडा त्या चाळणीतून दिसतच नाही.

थांबण्यालाही किंमत असते. ५० लाख सात टक्क्यांनी ठेवले असते तर महिन्याला सुमारे २९ हजार मिळाले असते. दोन लाखांसाठी सात महिने थांबलो तर ते दोन लाख संपले, वर मेंटेनन्स आणि वेरा भरला तो वेगळा. शिवाय घर बाजारात फार दिवस पडून राहिलं की ‘काहीतरी खोट असेल’ ही कुजबुज सुरू होते आणि मग भाव उतरवला तरी तो उतरवलेलाच दिसतो. पहिल्या महिन्यात पाहणारे येतात पण आकडा कुणी बोलत नाही, तर मागणी थोडी वर आहे. पाहायलाच कुणी येत नाही, तर फार वर आहे. पहिल्याच दिवशी कुणी मागणीइतकं द्यायला तयार झालं, तर विसार घेण्यापूर्वी एक रात्र विचार करावा.

यंत्रावर सगळा भार टाकण्यातही अर्थ नाही. झिलो या अमेरिकी कंपनीनं गणिती अंदाजावर स्वतः घरं घेऊन विकायचा धंदा काढला आणि तोटा सोसून २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये तो गुंडाळला. लाखो घरांची माहिती हाताशी असूनही भावाचा अंदाज फसला. नॅशनल हाउसिंग बँकेच्या रेसिडेक्स या घरभावांच्या निर्देशांकात बडोदाही आहे. त्यातून शहराचा कल कळतो. आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या खोलीचा भाव कळत नाही.

शेवटी एक साधी गोष्ट उरते. बडोद्यातलं घर विकणारा पुष्कळदा त्याच महिन्यात दुसरीकडे घर घेणारा असतो. पुण्यात कोथरूडला फ्लॅट पाहताना तो कार्पेट किती ते विचारतो, भिंतीवरची ओल बोटानं दाबून पाहतो, बँक किती देईल ते फोनवर काढतो, मालकाच्या फर्निचरकडे ढुंकूनही पाहत नाही आणि ‘फायनल किती?’ म्हणतो. तिथे काढलेली ती वही बडोद्याला परत येताना सोबत आणावी आणि एक संध्याकाळ आपल्याच घरात गिऱ्हाईक म्हणून फिरावं. त्या वहीत शेवटी जो आकडा पडेल, मागणी त्याच्या आसपासच असते.